मदरबोर्डच्या आधी भिंतीतले तिसरे भोक

मोबाईल आता आपल्या प्रत्येक घरात आहे. मुलांचा गृहपाठ, अब्बांचे बाजारभाव, नानींचे परदेशातल्या मामूंशी बोलणे, सगळे त्यावरच चालते. पण दहावीच्या पुढे गेलेल्या मुलाला किंवा मुलीला टायपिंग शिकायचे असेल, हिशोबाचे तक्ते करायचे असतील, प्रोग्रामिंग करून पाहायचे असेल, तर तळहाताएवढा पडदा अपुरा पडतो. मग घरात संगणकाचा विषय निघतो आणि त्याच्या पाठोपाठ पैशाचाही.

अशा वेळी टेबलावरचा संगणक, म्हणजे डेस्कटॉप, आपल्यासारख्या घरांना अजूनही परवडतो. तो लॅपटॉपसारखा उचलून नेता येत नाही, पण त्याचा प्रत्येक भाग वेगळा काढता येतो, बदलता येतो. रॅम कमी पडली तर रॅम वाढवा, डिस्क खराब झाली तर तेवढीच बदला. हे सगळे भाग ज्या एका पाटीवर एकत्र येतात तिला मदरबोर्ड म्हणतात. प्रोसेसर तिच्यावर बसतो, रॅम तिच्याच खाचांत बसते, कीबोर्ड, माऊस, पडदा, डिस्क, सगळ्यांच्या वायरी तिच्याकडेच येतात. ती गेली की बाकी सगळे चांगले असूनही संगणक बंद. म्हणून दुरुस्तीच्या बिलात सर्वांत मोठा आकडा बहुधा तिचाच असतो.

ही पाटी घरी बसवता येते का? येते. नववी-दहावीतली मुलेसुद्धा मोठ्यांच्या देखरेखीखाली बसवू शकतात. मात्र हे ताकदीचे काम नाही, क्रमाचे आहे. आणि त्या क्रमातली पहिली पायरी संगणकाच्या डब्यात नसून घराच्या भिंतीत आहे.

एका घरातली गोष्ट

आमच्या वरकुट्यात, इंदापूर तालुक्यात, एका घरी हे जवळून पाहायला मिळाले. वडील ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर चालक, आई शिवणकाम करते. मुलगी बारावी विज्ञानला, धाकटा भाऊ नववीत. आईने भिशीच्या पैशांतून जुना संगणक घेतला होता. वर्षभरात त्याचा मदरबोर्ड गेला. दुकानदाराने बदलून दिला. पुढच्या वळवाच्या पावसात तोही गेला. दुकानदार पुन्हा नवा बोर्ड घालायला तयार होता. तेव्हा त्या माऊलीने साधाच प्रश्न विचारला, "पैसे भरायचे तर भरू, पण दर वर्षी हाच एक भाग का जातो?"

मुलीने मला सांगितले, "बाई, सीपीयूला हात लागला की मुंग्या येतात. अनवाणी असले की जास्तच." ज्या डब्याला आपण सर्रास सीपीयू म्हणतो त्याचे खरे नाव कॅबिनेट. त्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येणे ही साधी बाब नाही. मी त्यांना नवा बोर्ड घेण्याआधी वायरमनला बोलवायला सांगितले. त्याने भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला. प्लगला भोके तीन होती, पण मागे वायरी दोनच आल्या होत्या. वरच्या मोठ्या भोकाला काहीच जोडलेले नव्हते. घरातल्या प्रत्येक प्लगची तीच स्थिती होती.

तिसरे भोक कशासाठी?

आपल्याकडे घरात सुमारे २३० व्होल्टची वीज येते. खालच्या दोन भोकांपैकी एक फेज आणि दुसरे न्यूट्रल. वरचे मोठे भोक अर्थिंगचे. प्लगची वरची पिन मुद्दाम लांब आणि जाड केलेली असते, म्हणजे प्लग खोचताना आधी जमिनीशी जोड होते आणि मगच वीज आत जाते.

कॅबिनेटच्या आत एसएमपीएस नावाचा चौकोनी डबा असतो. तो २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून मदरबोर्डला देतो. विजेतला खरखराट गाळण्यासाठी त्याच्यात छोटे कपॅसिटर असतात आणि ते गाळलेले सर्व अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत सोडतात. ती वायरच नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर जवळजवळ निम्मे व्होल्टेज, शंभराहून जास्त व्होल्ट, तरंगत राहते. करंट फार थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण एसएमपीएसमध्ये उद्या खरा बिघाड झाला तर तोच पत्रा जीवघेणा ठरू शकतो. आपण जो 'स्पाइक गार्ड' म्हणून जोडबोर्ड विकत घेतो, त्यालाही विजेचा लोट जमिनीत सोडण्यासाठी हीच वाट लागते. वाट नसेल तर वीज चमकल्यावर किंवा लाईट गेल्या-आल्यावर उसळणाऱ्या व्होल्टेजचा मार नाजूक भागांवर बसतो.

तेव्हा वायरमनकडून तीन मापे घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये सुमारे २३० व्होल्ट. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मात्र दोन-चार व्होल्टपर्यंतच. हे काम मुलांनी करायचे नाही. आणखी एक सांगते. खड्ड्याचा खर्च वाचवण्यासाठी काही जण प्लगच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देतात. मीटरवर मग सगळे छान दिसते, न्यूट्रल-अर्थचे माप अगदी शून्य येते. पण कुठे न्यूट्रलची वायर तुटली तर संगणकाच्या, फ्रिजच्या, कूलरच्या पत्र्यावर सरळ २३० व्होल्ट येतात. म्हणून वायरमनला प्लग उघडून दाखवायला सांगा आणि अर्थची वायर बाहेर खड्ड्यापर्यंत खरोखर गेली आहे ना, हे आपल्या डोळ्यांनी पाहा.

खड्ड्यात सुमारे अडीच मीटरचा गॅल्व्हनाइज्ड पाइप किंवा तांब्याची पट्टी उभी करून भोवती कोळसा आणि मीठ भरतात. आपला भाग कमी पावसाचा. एप्रिल-मेमध्ये माती कोरडी ठणठणीत झाली की अर्थिंग कमजोर होते. त्या दिवसांत खड्ड्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी टाकावे. मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी बसवून घेतले तर आणखी चांगले. गळती होताच ते वीज तोडते. त्यामुळे संगणकाइतकाच घरातल्या माणसांचाही जीव सांभाळला जातो.

खरेदी करताना

पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड ही अशा सामानाची जुनी ठिकाणे. जाण्याआधी घरीच एक कागद करा. मदरबोर्ड एकटा निवडता येत नाही. प्रोसेसर, रॅम आणि कॅबिनेट या तिघांशी त्याची जोडी जमावी लागते.

पहिली जोडी सॉकेटची. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरला एलजीए १७०० सॉकेट लागते. त्याआधीच्या दहाव्या-अकराव्या पिढीला एलजीए १२००. एएमडीच्या बाजूला एएम४ आणि त्यानंतरचे एएम५. एकाचे प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाहीत. दुसरी जोडी रॅमची. डीडीआर४ आणि डीडीआर५ दिसायला सारख्या, पण त्यांच्या कडेची खाच वेगळ्या जागी असते. तिसरी जोडी आकाराची. १९९५ मध्ये एटीएक्स हे माप ठरले, म्हणून आज कोणत्याही कंपनीचा बोर्ड कोणत्याही कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटर, तर घरच्या कामाला पुरेसा असलेला मायक्रो एटीएक्स २४४ × २४४ मिलिमीटर.

जुना बोर्ड घेत असाल तर दुकानातच चालू करून पाहा. बोर्डावरचे उभे नळकांडीसारखे कपॅसिटर वरून फुगलेले असतील तर घेऊ नका. कंपन्यांच्या तयार संगणकांतून काढलेल्या काही बोर्डांना विजेची जोडणी वेगळीच असते आणि ते साध्या कॅबिनेटमध्ये बसत नाहीत. नव्या बोर्डाचे पक्के बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. सॉकेटवरचे काळे प्लास्टिकचे झाकण फेकू नका, वॉरंटीसाठी बोर्ड परत पाठवताना ते मागतात.

बसवण्याचा क्रम

त्या घरात अर्थिंगचे काम झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीत बहीण-भावानेच नवा बोर्ड बसवला. भाऊ माहितीपुस्तिका मोठ्याने वाचायचा, बहीण हाताने करायची. आईने मसाल्याच्या डब्यातल्या रिकाम्या वाट्या आणून दिल्या. एका वाटीत एका मापाचे स्क्रू, म्हणजे सरमिसळ नाही.

सुरुवातीलाच प्लग पूर्ण काढून ठेवा. सतरंजीवर किंवा गालिच्यावर बसून काम करू नका. सिंथेटिक कपड्यांच्या घर्षणाने अंगावर स्थिर वीज साठते, थंडीच्या कोरड्या हवेत जास्तच. सुमारे ३,००० व्होल्टखाली आपल्याला तिचा झटका जाणवतही नाही, पण बोर्डावरचा एखादा भाग त्याहून कितीतरी कमी व्होल्टेजला जळू शकतो. म्हणून मधूनमधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावत राहा. ओढणी स्वयंपाकाच्या वेळी खोचतो तशी खोचून घ्या. बोर्ड नेहमी कडेने धरा.

पहिल्यांदा बोर्ड कॅबिनेटमध्ये घालायचा नाही. तो त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. सॉकेटची तरफ उचला, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण आणि सॉकेटवरचा त्रिकोण एकाच कोपऱ्यात आणा आणि प्रोसेसर अलगद सोडा. दाबायचा नाही. एलजीए सॉकेटमध्ये केसासारख्या पिना बोर्डावरच असतात, एक वाकली तरी बोर्ड निकामी होऊ शकतो आणि वाकलेली पिन वॉरंटीत सहसा धरत नाहीत. मग तरफ खाली लावा. तिला थोडा जोर लागतो, करकर आवाजही येतो. घाबरू नका.

यानंतर रॅम. खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या, 'टक' असा आवाज आला पाहिजे. खाचा चार आणि रॅमच्या पट्ट्या दोन असतील तर प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरतात. पंख्याच्या तळाला करडी पेस्ट आधीच लावलेली असेल तर आणखी लावू नका. नसेल तर प्रोसेसरच्या मध्यावर मटाराच्या लहान दाण्याएवढी पुरे. जास्त लावल्याने थंडावा वाढत नाही. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवर लावा.

आता कॅबिनेट. मागच्या खिडकीत बोर्डासोबत आलेली पत्र्याची पट्टी आधी बसवा. ती विसरली की सगळे पुन्हा खोलावे लागते. कॅबिनेटच्या भिंतीवर पितळी खुंट्या असतात, बोर्ड त्यांच्यावर उभा राहतो, म्हणजे त्याची पाठ पत्र्याला लागत नाही. बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच खुंटी हवी. जुन्या बोर्डाची एखादी जादा खुंटी खाली राहिली तर ती पाठीमागच्या टाक्यांना टेकून शॉर्ट करते. भावाने बोर्डाची भोके मोजली, मग खुंट्या मोजल्या. एक जास्त निघाली, ती काढली. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडे थोडे आवळा, पूर्ण ताकदीने नको.

वायरींत दोन मुख्य. २४ पिनांची रुंद वायर बोर्डाच्या कडेला, आणि प्रोसेसरसाठी ४ किंवा ८ पिनांची वायर वरच्या कोपऱ्यात. ही दुसरी वायर राहून गेली की पंखे फिरतात पण पडद्यावर काही येत नाही. कॅबिनेटच्या पुढच्या बटणांच्या बारीक वायरी कुठे लावायच्या ते पुस्तिकेतल्या चित्रावरून पाहावे. बटणाची वायर उलटी लागली तरी चालते, दिव्याची उलटी लागली तर दिवा लागत नाही, एवढेच.

पहिल्यांदा सुरू करताना

बटण दाबले, पंखे फिरले, पडदा मात्र काळाच राहिला. मुलांचे चेहरे उतरले. पण अशा वेळी लगेच बोर्ड खराब ठरवू नये. नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावे असलेले चार बारीक दिवे असतात. ज्या नावाजवळचा दिवा लागून राहतो तिथे अडचण आहे असे समजावे. इथे डीरॅमचा दिवा लागला होता. वीज बंद करून, प्लग काढून रॅम पुन्हा बसवली, या वेळी 'टक' दोन्ही बाजूंनी ऐकू आले, आणि चित्र उमटले. रॅम ठीक असूनही चित्र येत नसेल तर पडद्याची वायर पाहा. ज्या प्रोसेसरमध्ये चित्राची सोय नाही त्याच्यासोबत ग्राफिक्स कार्ड लागते आणि वायर कार्डालाच लावावी लागते.

सुरू होताच 'डिलीट' किंवा 'एफ २' दाबत राहिले की बायॉस उघडते. तिथे चार गोष्टी पाहा. रॅम जेवढी बसवली तेवढी दिसते का? प्रोसेसरचे तापमान वाढतच चालले आहे का? तसे असेल तर पंखा नीट टेकलेला नाही, लगेच बंद करा. तारीख-वेळ बरोबर आहे का? तारीख चुकीची असली की अनेक सुरक्षित संकेतस्थळे उघडतच नाहीत. चौथी गोष्ट गावासाठी महत्त्वाची. वीज जाऊन परत आल्यावर संगणकाने काय करावे, याची एक निवड बायॉसमध्ये असते. ती 'बंदच राहा' अशी ठेवा. लाईट दहा मिनिटांत चार वेळा ये-जा करते तेव्हा संगणकही चार वेळा चालू-बंद व्हायला नको.

बायॉस अद्ययावत करण्याचा मोह बहुतेकांना होतो. गरज नसेल तर करू नका. करायचेच असेल तर यूपीएसशिवाय मुळीच नाही. मध्येच लाईट गेली तर चांगला बोर्ड जागच्या जागी मुका होऊ शकतो.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सोय लागते. ती नव्या बोर्डांत असते, पण काही वेळा बायॉसमध्ये जाऊन चालू करावी लागते. जुन्या बोर्डात ती नसेल तर बोर्ड भंगारात घालण्याची गरज नाही. उबंटूसारखी लिनक्स प्रणाली फुकट मिळते आणि शाळा-कॉलेजच्या अभ्यासाला पुरते.

मराठीही, उर्दूही

संगणक लावून झाला की आपल्या घरांसाठी आणखी एक काम उरते. भाषांच्या यादीत मराठी आणि उर्दू दोन्ही जोडून घ्या. विंडोजचे बटण आणि स्पेस एकत्र दाबले की भाषा बदलते. उर्दू उजवीकडून लिहायची तर कंट्रोल आणि उजवी शिफ्ट. नस्तालीक अक्षरासाठी 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फॉन्ट मोफत आहे.

आज हे पाच मिनिटांत होते, पूर्वी तसे नव्हते. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली. 'परम' महासंगणकामुळे ही संस्था सर्वांना माहीत आहे. तिने भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' नावाचे कार्डही तयार केले होते. त्या काळात संगणकावर आपल्या लिपीत लिहायचे तर ते कार्ड मदरबोर्डच्या खाचेत बसवावे लागे. आता वेगळे कार्ड लागत नाही, फक्त बोटांना सराव लागतो. रोज अर्धा तास मराठी, अर्धा तास उर्दू टायपिंग केले तर पत्रिका, अर्ज, बातम्या, पुस्तकांची जुळणी अशी कितीतरी कामे मुलींना घरबसल्या जमू शकतात.

पुढची निगा

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. फरशी पुसताना पाणी जाते आणि ऊस वाहतुकीच्या दिवसांतली धूळ खालूनच जास्त ओढली जाते. मागच्या उघड्या खाचांतून पाली आणि मुंग्या आत शिरतात. तिथे पत्र्याच्या पट्ट्या लावून घ्या. दर तीन-चार महिन्यांनी प्लग काढून, झाकण उघडून मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. पंख्याची पाती बोटाने धरून मगच पुसा. घड्याळ सारखे मागे पडू लागले तर बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी संपत आली आहे. तिचा क्रमांक सीआर २०३२, ती ३ व्होल्टची आणि स्वस्त असते. केवळ तेवढ्यासाठी कोणी बोर्ड बदलायला सांगितला तर ऐकू नका.

वळवाचे ढग दिसले की बटण बंद करून थांबू नका, प्लगच काढा. इंटरनेटची तांब्याची वायर येत असेल तर तीही काढा, कारण विजेचा लोट त्या वाटेनेही आत येतो.

शेवटी एक छोटे काम. एका कागदावर बोर्ड बसवल्याची तारीख, बिलाचा क्रमांक आणि वायरमनने घेतलेली तिन्ही मापे लिहा आणि तो कागद कॅबिनेटच्या बाजूला बाहेरून चिकटवा. पुढच्या मे महिन्यात मापे पुन्हा घ्या आणि त्याच कागदावर खाली लिहा. न्यूट्रल-अर्थचा आकडा वाढलेला दिसला तर त्या संध्याकाळी संगणक लावू नका. आधी खड्ड्यात पाणी टाका आणि दुसऱ्या दिवशी वायरमनला निरोप धाडा.